बुधवारी बाळाला टोचायला नेताना : एका फ्रीजवाल्याच्या सूचना

ईशानच्या सहा आठवड्यांच्या डोसला महापालिकेच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा बाकांवर चौदा बायका होत्या आणि बाप मी एकटा. सिस्टरनी कार्ड हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई कुठाय बाळाची?" म्हटलं, पाणी प्यायला गेलीय. "मग त्यांनाच पाठवा, त्यांना विचारायचं असतं सगळं." मनाली आली आणि म्हणाली, "मला नका विचारू सिस्टर, टोचणीचं खातं ह्यांच्याकडे आहे."

खातं माझ्याकडे आलं ते थोरल्या ओवीच्या वेळी. मनालीची बाळंतपणाची रजा संपली, ती फोर्टातल्या बँकेत परत रुजू झाली. माझं काम फ्रीज-एसी दुरुस्तीचं. गिऱ्हाइकाला "दुपारनंतर येतो" म्हटलं की सकाळ मोकळी होते. परवा मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडे पुढच्या महिन्यात पाळणा हलणार आहे. अर्धा तास मी बोलत राहिलो, शेवटी तो म्हणाला, "दाजी, लक्षात राहायचं नाही, लिहूनच पाठवा." म्हणून हे.

कार्ड

गरोदरपणाची नोंदणी केली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते लॅमिनेट करू नका. मी केलं होतं. मुंबईचा पावसाळा, छत्रीतून गळणारं पाणी, म्हणून मोठ्या हौसेनं स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिक चढवून आणलं. पुढच्या डोसला सिस्टरचं पेन त्यावर उमटेना. त्यांनी ब्लेडनं कोपरा कापला, दात-ओठ खात तारीख लिहिली, आणि ओवीचं कार्ड आजही त्या कापलेल्या कोपऱ्यासकट आहे. झिप असलेली साधी पारदर्शक पिशवी पुरते. प्रत्येक भेटीनंतर दवाखान्याच्या दारातच दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा आणि नवरा-बायकोच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवायचा. शाळेच्या प्रवेशाला हे कार्ड मागतात. आता यू-विन ह्या लसींच्या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबरनं नोंदही होते, ती करून घ्या, पण कागद टाकू नका.

खासगी डॉक्टरांकडे एखादी लस घेतलीत, तर तीही ह्याच कार्डावर नावासकट आणि बॅच नंबरासकट लिहून घ्या. बऱ्याच कुप्यांवर सोलून काढायचं स्टिकर असतं, तेच चिकटवून मागायचं. दोन डॉक्टर, एक दवाखाना आणि तीन चिठ्ठ्या असा कारभार झाला, की चार वर्षांनी कोणालाच काही सांगता येत नाही.

थंडावा

आता माझ्या धंद्याचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे कोणी सांगत नाही.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत. लोकांना वाटतं, गरम झाली की बिघडते. तेवढंच खरं नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), कावीळ ब, न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) ह्या लसी गोठल्या तरी बाद होतात, आणि वितळल्यावर बघणाऱ्याला पटकन काही कळतही नाही. उलट पोलिओचे थेंब उष्णतेला सगळ्यांत हळवे, म्हणून मोठ्या साठ्यात ते उणे २० अंशांवर ठेवतात.

घरच्या फ्रीजमध्ये हे जमत नाही. दाराच्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली होतं, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मागच्या पत्र्याला चिकटलेली वस्तू गोठते. कोथिंबीर काळी पडते ना, तिथेच. सरकारी केंद्रात जो पेटीसारखा, झाकण वर उघडणारा फ्रीज दिसतो, त्याला आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं. झाकण वरून उघडतं कारण थंड हवा जड असते, ती पेटीतच बसून राहते. आपल्या उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायावर सांडते. २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी ही पेटी आपलं तापमान धरून ठेवते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा सिस्टरना विचारून वाकून रबर तपासलं. त्या हसल्या, पण भिंतीवरचा तक्ता दाखवला. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं, रविवारचंही. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या लाखालाखाच्या कूलरमध्ये थर्मामीटर नसतो.

तुम्हाला वाकून रबर बघायची गरज नाही. कुपी बघायची. पोलिओच्या कुपीवर, इतर कुप्यांवरही, एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चालते. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, की ती कुपी टाकून द्यायची. जितका उन्हाळा तिनं सोसला तितका तो चौकोन काळवंडतो, आणि पुन्हा थंड केली म्हणून परत फिकट होत नाही. फक्त गोठण्याबद्दल तो काही बोलत नाही. "सिस्टर, कुपी दाखवता का?" एवढं विचारलं की पुरतं. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. गर्दीच्या वेळी आवाज मात्र विनंतीचा ठेवा, तपासनिसाचा नको.

एकदा एका खासगी क्लिनिकमध्ये मी मागे फिरलो. साधा एकदारी फ्रीज, लस दाराच्या कप्प्यात, शेजारी कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि लिंबू सरबताची बाटली. डॉक्टर चांगले होते, औषधं नीट देतात, अजूनही तापाला त्यांच्याकडेच जातो. लस घ्यायला जात नाही.

ह्याच थंडाव्यातून दुसरी एक गोष्ट कळते : टोचायचा दिवस ठरलेला का असतो. बीसीजी (क्षयरोगाची) आणि गोवर-रुबेला ह्या पावडरच्या लसी. कुपीत द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायच्या, उरलेली फेकायची. एका कुपीत अनेक मुलांचे डोस. म्हणून मुलं एका दिवशी गोळा करतात. आमच्याकडे बुधवार, तुमच्या वॉर्डात दुसरा असेल, आधी विचारून घ्या. दुपारी बारानंतर गेलात तर "पुढच्या आठवड्यात या" ऐकायची तयारी ठेवा.

मी कुठे चुकलो

आमचं घर खाण्यापिण्यात जरा कडक. घाण्याचं तेल, नाचणीचं सत्त्व घरी केलेलं, पाकिटातलं मुलांना काही नाही. मी रविवारी पहाटे बोरिवलीला नॅशनल पार्कात चालायला जातो. ह्या सगळ्याचा एक माज येतो. माझ्या डोक्यात होतं, की आईचं दूध, नाचणी आणि मोकळी हवा मिळाली की मूल खणखणीत राहतं. मोकळी हवा म्हणजे चेंबूरची, माहुलच्या रिफायनरीच्या वासाची; पण माज असा हिशोब करत नाही.

ओवीला ऑक्टोबर २०२२ मध्ये नऊ महिने पूर्ण झाले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस होता. तिला सर्दी होती, नाक वाहत होतं, ताप नव्हता. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत होता, की ह्या लसीनं मुलं ऑटिस्टिक होतात. मी सर्दीचं निमित्त केलं आणि डोस पुढे ढकलला. मनालीला मेसेजचं सांगितलंच नाही.

नोव्हेंबरात बातम्या आल्या. गोवंडीत गोवराची साथ, मुलं दगावली, कस्तुरबा रुग्णालयात वॉर्ड भरले. टिळकनगरहून गोवंडी दुसरं स्टेशन. ओवीला घेऊन आम्ही त्याच हार्बरच्या गाडीनं वाशीला बहिणीकडे जायचो. गोवराचं मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि एका मुलाकडून लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते, हे मी तेव्हा वाचलं. लगेच दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहिलो. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघरी फिरत होत्या, त्यातली एक आमच्या जिन्यात भेटली आणि कार्डावरची रिकामी ओळ बघून म्हणाली, "शिकलेली माणसं तुम्ही." एवढंच. मला अजून आठवतं.

तर मेहुण्या, साध्या सर्दीखोकल्यानं डोस टाळायचा नसतो. खूप ताप असेल, मूल मलूल असेल, तर डॉक्टरांना विचारून थांबायचं. एखादा डोस राहिलाच, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते; जिथे थांबलात तिथून पुढे. बरेच जण "आता काय, उशीर झाला" म्हणून सोडूनच देतात. काही लसींना मात्र वयाची मर्यादा आहे; रोटाव्हायरसचे (जुलाबाच्या लसीचे) थेंब वर्षाच्या आत सुरू व्हायला लागतात.

आणि त्या मेसेजचं मूळ असं : १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात बारा मुलांवरचा लेख छापला. तो 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव तिकडच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष छापला गेला : लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. बारा मुलं आणि साडेसहा लाख मुलं. दोन कॉम्प्रेसर बिघडले म्हणून मी कंपनीला शिव्या घालत नाही, दोनशे बघतो. मुलीच्या बाबतीत तेवढंही केलं नव्हतं.

ग्रुपवर मात्र वाद घालू नका. मी घातला. काकांनी ग्रुप सोडला, मग त्यांना परत आणायला गणपतीत घरी जावं लागलं. काम झालं ते आईमुळे. तिच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन व्रण आहेत, रुपयाएवढे. ओवीनं विचारलं, "आजी, हे काय?" आई तिच्याशी देवीच्या रोगाबद्दल बोलली आणि मग सहज म्हणाली, की आमचा मधला भाऊ घटसर्पानं गेला, गळ्यात पांढरं साचलं होतं, संगमेश्वरहून बैलगाडी निघायच्या आत गेला. मी चाळीस वर्षांचा, मला हा मामा होता हेच ठाऊक नव्हतं. काका त्या वेळी समोर बसून चहा पीत होते. पेंटाव्हॅलंटमधला पहिला रोग घटसर्प. देवीची लस आता मुलांना टोचत नाहीत, कारण तो रोगच उरला नाही.

त्या दिवशी

कपडे : खांद्याशी आणि मांडीशी मोकळे. झबलं आणि सैल चड्डी. घट्ट लेगिंग घातलेल्या बाळाची मांडी उघडी करण्यात जो वेळ जातो, त्यात मागची रांग आणि बाळ दोन्ही चिडतात.

कुठे टोचणार ते माहीत असलं तर धरायला सोपं. बीसीजी डाव्या दंडावर. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, पोलिओचं इंजेक्शन उजव्या दंडावर. एका दिवशी तीन सुया बघून सासूबाईंचे डोळे भरून आले होते, पण एकाच दिवशी ह्या लसी दिल्यानं काही बिघडत नाही, आणि तीन बुधवार रडण्यापेक्षा एक बरा. थेंब आधी द्यायला सांगा. रडायला लागलेलं मूल ते बाहेर फेकतं.

बाळाला झोपवून चौघांनी धरू नका. मांडीवर बसवून छातीशी घ्या. अंगावर पिणारं असेल तर टोचताना पाजलं की रडणं खूप कमी होतं. मनालीनं ओढणी घेऊन बाकावरच पाजलं, सिस्टरनी तशीच सुई टोचली. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. हा अर्धा तास चुकवू नका. कधी नव्हे ती गंभीर ॲलर्जी आली तर ती बहुधा ह्याच वेळात येते आणि उपचाराचं सामान तिथे असतं. निघताना सिस्टरकडून चार गोष्टी ऐकून घ्या : आज काय दिलं, त्यानं काय त्रास होऊ शकतो, झाला तर काय करायचं, पुढे कधी यायचं.

मोठ्या मुलांशी खोटं बोलू नका. "नाही टोचणार, नुसतं बघणार" असं मी ओवीला एकदा सांगितलं, त्यानंतर वर्षभर ती दाताच्या डॉक्टरकडेही तोंड उघडत नव्हती. आता सांगतो, दुखेल, पाच मोजेपर्यंत दुखेल. आणि आपण मिळून मोजतो. शिवाय "ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील" ही धमकी घरात बंद. आई अजूनही चुकून देते, मग ओवीच तिला ओरडते.

रात्र

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, मांडी सुजते, मूल किरकिर करतं. एक-दोन दिवस. त्या मांडीला मालिश नाही, शेक नाही, बाम नाही. आमच्या मालिशवाल्या मावशींना दारातच सांगावं लागलं, कारण त्यांचा हात आपोआप तिथे जातो. थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. एखादी गाठ राहते, ती हळूहळू विरते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, सुकतो, वण राहतो. सासूबाई हळद घेऊन बसल्या होत्या. काही लावायचं नाही, दाबायचं नाही, पाणी लागलं तर टिपायचं. गोवराच्या लसीचा ताप लगेच येत नाही, साधारण आठवड्यानंतर येतो, कधी अंगावर बारीक पुरळही. तेव्हा घाबरून भलतंच काही समजू नका.

पॅरासिटामॉलबद्दल नीट वाचा. केमिस्टकडे त्याचे थेंब मिळतात ते बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरप मिळतं ते ५ मिलीत १२० किंवा २५०. म्हणजे "अर्धा चमचा दे" ह्या वाक्याला बाटली बघितल्याशिवाय काही अर्थ नाही. डोस बाळाच्या वजनावर असतो. डॉक्टरांकडून किती मिली आणि कोणत्या बाटलीचं, ते दोन्ही लिहून घ्या, आणि घरात एकाच प्रकारची बाटली ठेवा. आमच्याकडे एकदा रात्री अडीचला सासूबाईंच्या हातात सिरप होतं आणि थेंबांचा ड्रॉपर. चूक कमी देण्याची होत होती म्हणून निभावलं. ताप येईल म्हणून आधीच देऊन ठेवायची गरज नाही.

दोन दिवसांवर ताप टिकला, मूल तीन तास सलग न थांबता रडलं, आकडी आली, अंग सैल पडलं, श्वास घ्यायला त्रास दिसला, तर सकाळची वाट बघायची नाही.

आपलं काय

केईएमच्या बाजूला एका केमिस्टचा कूलर माझ्याकडे आहे. तिथे जाताना परळला हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जातो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ओवीला फ्लूची लस द्यायची ठरली तेव्हा मला ते आठवलं. आधी मी शर्टाची बाही वर केली. तिनं माझ्यासाठी पाच मोजले, सहाव्याला मी ओरडलो म्हणून खूश झाली.

फ्लू, कांजिण्या, टायफॉइडची नवी लस, गालगुंडासकटची एमएमआर : ह्या आपल्याकडे महापालिकेत मिळत नाहीत, खासगीत घ्याव्या लागतात, आणि खर्च हजारांत जातो. सगळ्या एकदम जमल्या नाहीत तर बालरोगतज्ज्ञांकडून क्रम लावून घ्या. फुकटातल्या मात्र एकही चुकवायची नाही. जिवावरचे बहुतेक रोग त्यांतच आहेत. मुंबईत फ्लू पावसाळ्यात फोफावतो, म्हणून ती लस मे महिन्यात. घरात तान्हं बाळ असेल तर आजी-आजोबांची लसही डॉक्टरांना विचारा. मला स्वतःला पत्रा कापतो तेव्हा टीडी घ्यावी लागते. पूर्वी टीटी म्हणायचो तीच, आता त्यात घटसर्पाचीही लस असते. आईला हे सांगितलं, तर तिनं "बरं झालं" म्हटलं आणि पुढे काही बोलली नाही.

ह्या बुधवारी ईशानचे चौदा आठवडे. तीन सुया, दोन प्रकारचे थेंब. पिशवी भरलीय : कार्ड, दुपटं, जास्तीची चड्डी, पाण्याची बाटली, मनालीची ओढणी. घाटकोपरच्या आइस्क्रीमवाल्याला दुपारी तीनची वेळ दिलीय, तो म्हणतो, माल वितळतोय. बर्फाच्या लाद्या टाक म्हटलं, आणि झाकण उघडू नकोस.